ब्योर्ग, दोनदा

काटाघरात एक, लिलावघरात एक, बर्फाच्या कारखान्यात एक :
आमच्या फ्योर्डमध्ये तीन संगणक, आणि तिघांचं पटत नाही.
केतिलच्या टेबलावरचा विंडोजवाला म्हातारा झालाय,
ओल्या हातमोज्यांनी बडवून बडवून
त्याच्या कळांवरची अक्षरं पुसून गेलीत.
आल्व्रूनचा मॅक चंदेरी, त्याच्याजवळ कॉफीही न्यायची नाही.
ओर्मुरनं भंगारातून जोडलेल्या लिनक्सला
झाकण कधी लागलंच नाही.

मला म्हणाले, एकच प्रोग्राम लिही, तिन्हींवर चालेल असा.
म्हणणाऱ्याला वाटलं, लोकरीची टोपी विणायची आहे.

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे गेला तेव्हा बसले.
तो आता जानेवारीअखेर येणार.
तोवर इतकं कळलं, की पत्ता सांगताना
एकाची रेघ डावीकडे कलते, बाकीच्यांची उजवीकडे.
ओळ संपली, हे दोघांना एका खुणेत समजतं,
तिसऱ्याला दोनदा सांगावं लागतं
जुन्या टाइपरायटरसारखं :
गाडा मागे ने. आता कागद वर घे.
आणि 'होय' कुठे 'नको'च्या अलीकडे, कुठे पलीकडे.
आल्व्रून एकदा केतिलच्या खुर्चीत बसली,
हाताच्या सवयीनं पलीकडचं दाबलं,
आणि नव्वद किलो कॉड पुन्हा समुद्रात गेला.
कागदोपत्री.

यंत्रं तितक्या प्रकृती, म्हटलं,
आणि रात्री परत बसले.

मग एका सकाळी
(सकाळ घड्याळात, बाहेर काळोखच)
यादीत ब्योर्ग दोनदा आली.
एकीच्या नावावर दोन टन एकशे चाळीस,
दुसरीच्या नावावर एक टन नऊशे पासष्ट.
बंदरात बोट एकच, निळी, धक्क्याला बांधलेली.

'बरोबर आहे,' केतिल म्हणाला.
'ओस्सुर आणि बेर्सी, सख्खे भाऊ,
आईला पुरल्यापासून बोलत नाहीत.
एक नाळेवर उभा राहतो, एक सुकाणूशी.
यंत्राला कळलं असेल.'

मी दोन्ही नावं उकलली.
एकीत पाच अक्षरं. दुसरीत सहा.
आमच्या ओच्या डोक्यावर दोन टिंबं असतात.
मॅककडून आलेल्या नावात ओ वेगळा होता, टिंबं वेगळी,
जसं कुणी दारात टोपी काढून खुंटीला लावावी.
बाकीच्या दोघांनी टोपीसकट एकच माणूस मोजला होता.
डोळ्यांना काही फरक नाही. छापून पाहिलं,
खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून पाहिलं,
केसाइतकाही नाही.

अकरा दिवस शोधत होते ते इथे होतं.

दुरुस्ती एका ओळीची :
कुणीही आत आलं, की आधी टिंबं अक्षराला चिकटव,
मगच विचार, तू कोण.
चार टन एकशे पाच.
केतिल पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.
'एवढंच?'
'एवढंच.'
'त्यांना सांगू नकोस,' म्हणाला. 'लाजतील.'

संध्याकाळी भाऊ पावती न्यायला आले,
वीस मिनिटांच्या अंतरानं, वेगवेगळ्या गाड्यांतून.
तोच कागद दोनदा छापून दिला.
बेर्सीनं घडी घातली. ओस्सुरनं
आधी विचारलं, तो येऊन गेला का.

'होय' आणि 'नको' मी जिथल्या तिथे सोडलेत.
ज्याचा हात जिथे जातो तिथे त्याचं दार असू दे.
एक राहिलंय :
केतिलच्या पडद्यावर अक्षरं जरा रुंद पडतात,
ब्योर्ग शेवटी चौकटीला घासते,
तिचा ग अर्धाच दिसतो.
तो म्हणतो, राहू दे, ओळखतो मी तिला.
उद्या चौकट चार ठिपके सरकवीन.
आज बोटं गारठलीत,
आणि ओर्मुरच्या उघड्या यंत्रावर
कुणीतरी मोजे वाळत घातलेत.