गुरुवारी, आमच्या पडवीत

पहिल्या गुरुवारी आम्ही तिघंच होतो:
मी, सालोमी आणि इनास,
तोही बातम्या संपल्यावर
उठायचा कंटाळा आला म्हणून राहिलेला.
वीज गेलेली. चिमणीच्या काचेवर पाखरं.
काय वाचलं ते आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की सालोमी म्हणाली,
"नवऱ्याक मी अजून माफ करूक नाय,"
आणि आमच्यापैकी कोणीही
त्यावर वचन काढून दाखवलं नाही.
बराच वेळ नुसती गाज ऐकत बसलो.
मग चहा.

वेंगुर्ल्याच्या चर्चमध्ये माझं बाक ठरलेलं,
उजवीकडून तिसरं.
चाळीस वर्षं पुढच्या माणसाची मान पाहत गायले मी.
त्या मानेवरचा तीळ मला पाठ आहे,
त्या घरातलं दुखणं नाही.

भागू यायची ती गुडघ्यांसाठी.
पाटी उंबऱ्याबाहेर,
उरलेले बांगडे केळीच्या पानाखाली.
"तुमचा चलांदे, मी घटकाभर टेकतंय."
आम्ही डोळे मिटले की मांजर पाटीकडे,
आणि भागूचं "हुश्श!" आमच्या आमेनच्या आधी.
एकदा तिनेच विचारलं,
तो जाळं टाकायला सांगणारा तुमचा सुतार,
त्याला मासळीतलं काय कळत होतं?
इनास म्हणाला, "काय नाय.
पण रातभर राबान
रिकाम्या हातान इलेल्यांची तोंडां
तेका कळत होती."
भागू त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत थांबली.

महिन्याअखेर शांतवन पाळक स्कूटरवरून येतात.
वही काढतात. किती जण? नवीन किती?
मी आकडे सांगते.
वहीत रकाना नाही,
की सालोमीने मे महिन्यात नवऱ्याला
आंब्यांची पेटी पाठवली.
चिठ्ठी नव्हती आत,
पण सुतळीची गाठ तिच्याच हातची.

"तेरा झालात," पाळक म्हणाले,
"पडवी पुरत नाही. आता दोन गट करा."
मला राग आला,
भरल्या घरात कोणी वाटणीचं बोलावं तसा.
काय वाटायचं? दोन चटया?
गीतांची पुस्तकं? कान तुटलेले कप?
की सालोमीचं ते पहिलं वाक्य,
जे आम्ही तिघांनी
आजवर बाहेर सांडू दिलं नाही?

आणि जायचं इनासने. नवाबागेला,
त्याच्या जाळ्यांच्या खोपीत.
"माका धड वाचूक येणा नाय, बाय.
मी खंय शिकवतलंय?"
"तुका शिकवूक कोणी सांगूक नाय," मी म्हटलं.
"बस. ऐक. चहा कर."
बोलताना माझाच आवाज फाटला.

तो पायरीवर उभा राहिला, चपला शोधत.
मग म्हणाला, "रापणीक दोन टोकां लागतत.
सगळे एकाच दोराक धरून उभे रवले
तर जाळा किनाऱ्यार येतला कसा?"
लहानपणापासून पाहिलेली रापण मला
तेव्हा पहिल्यांदा दिसली:
वाळूत लांब लांब उभ्या दोन रांगा,
एकमेकींना हाकसुद्धा पोचत नाही,
आणि ओढता ओढता, पाऊल पाऊल,
दोघी जवळ सरकत येतात.
दोराला हात लावणाऱ्या पोरालाही
वाटा मिळतो.

आता माझ्याकडे सातच येतात.
आधण मात्र सवयीने तेरा कपांचं.
उरलेला चहा थर्मासमध्ये भरते,
भागू जाता जाता नवाबागेला पोचवते.
कुठल्या गटात आहेस, विचारलं तर म्हणते,
"मी वाटेवर असंय."

परवा थर्मास परत आला, मासळीचा वास घेऊन.
झाकणात चुरगळलेला कागद,
उलटसुलट वेलांट्या इनासच्या:
आज सा जण. एक नवो. कायेक बोललो नाय.
आमी पण नाय.
खाली, जोर देऊन:
चायत साकर कमी.