तात्पुरती गैरसोय

मुंढव्यात, टायरच्या गोडाऊनवर पत्र्याची खोली.
जिना लोखंडी, एकेरी.
उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची,
एवढाच तिथला नियम.
दारातल्या पोरानं शिक्का वडिलांच्या दुकानातून उचललेला,
माझ्या मनगटावर जांभळं उमटलं:
रोख मिळाले.

बँडचं नाव तात्पुरती गैरसोय.
ऐकायला आम्ही सव्वीस जण.
मोजले, कारण मोजायची सवयच आहे मला,
सकाळी साडेसहापासून लॅबमध्ये
लोकांचं रक्त काढते मी,
मूठ आवळा म्हणते, सोडा म्हणते,
नळ्यांवर नावं चिकटवते.

बेस कानात येत नाही आधी.
आधी बरगडीत येतो,
जाड दंडातली शीर लागते ना बोटाला,
जरा खोल, जरा बाजूला, तसा.
शलाका गायखे माइकशी भांडण उकरून काढल्यासारखी गात होती.
अर्शद तांबोळी ड्रमच्या मागे, नुसती कोपरं दिसायची.
पंखा एकच, तोही अँपकडे वळवलेला.

मग ते गाणं.
त्यांच्या यादीवर त्याच्यापुढे फक्त 'नवीन' लिहिलेलं,
पहिल्या रांगेत उभं राहिलं की वाचता येतं,
आणि रांग तशी एकच होती.
दुसऱ्या कडव्यात सगळे अचानक थांबले.
एक श्वास. दीड.
खाली रस्त्यावर डंपरनं गियर बदलला, तेवढंच ऐकू आलं
आणि धाडकन सगळे परत आत.
माझ्या हातातलं लिंबू सरबत
कुणाच्या तरी बुटावर सांडलं, त्यानंही काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिले पेशंट, पेन्शनर,
मनगटाकडे बघून म्हणाले,
किती मिळाले?

दुसऱ्यांदा कर्वेनगर. क्लासचं तळघर,
फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित.
आम्ही बारा, त्यातले चार त्यांच्या घरचे,
एक मावशी कानात कापूस घालून, पण टाळ्या सगळ्यात मोठ्या तिच्याच.
दहाला दोन मिनिटं असताना मालकानं प्लग काढला.
'नवीन' राहिलं.

तिसऱ्यांदा बाणेर. खरा मंच, खरे दिवे,
माणसं दीडशे, निम्मी पाठमोरी;
त्यांच्या समोरच्या भिंतीवर मॅच लागली होती.
विकेट पडली तेव्हा झालेला जल्लोष
शलाकानं वाकून स्वीकारला.
'नवीन' यादीतच नव्हतं.

पार्किंगमध्ये ती अँप स्कूटरवर दोरीनं बांधत होती.
गाठ तिला जमत नव्हती. मी बोट ठेवलं गाठीवर,
आणि विचारलं.

ते? ते समीहनचं होतं. तो गेला ना डब्लिनला.
मग कुठे ऐकायला मिळेल?
कुठेच नाही. रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं.

मला गाता येत नाही. लॅबमध्ये मुलं रडली की गुणगुणते, ती आणखी रडतात.
तरी हेल्मेट काखेत धरून सुरू केलं,
शब्द नव्हते तिथे नुसतं नाना नाना,
आणि दुसऱ्या कडव्यात थांबले.
एक श्वास. दीड.

काय झालं? विसरलात?
नाही. इथे तुम्ही थांबता.

ती हसली, अँपवर हात टेकून, कितीतरी वेळ.
अहो, त्या दिवशी अर्शदची स्टिक उडाली हातातून!
शोधत होता तो. आम्ही वाट बघत होतो.

मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक.
माझी तर सगळ्यात आवडती जागा तीच होती.

मग तिनं मोबाइल काढला, लाल ठिपका लागला.
म्हणा परत. थांबण्यासकट.

म्हटलं. बेसूर, गाड्यांच्या मधोमध,
आणि नेमक्या त्या दीड श्वासात
वॉचमननं शिट्टी मारली: गाडी काढा, गाडी.

आता ते गाणं एवढंच आहे.
उद्या कुणी शिकलंच,
तर शिट्टीसकट शिकेल.