वरची, खालची

मुहर्रकमधली वाळू नुसती वाळू नसते.
शमाल सुटला की ती मैद्याहून बारीक होते,
शटर पाडलेलं असलं तरी आत येते,
डब्यातल्या भातात येते, पापण्यांत येते,
आणि सायकलच्या मागच्या गिअरखाली लोंबणाऱ्या
त्या दोन चिमुकल्या पुल्यांत तेल भेटलं
की मुक्कामच ठोकते.

पुली म्हणजे अकरा दातांचं चाक,
बाटलीच्या बुचाहून जरा मोठं.
अबू हमद म्हणतो, बुली.
त्याच्या तोंडात प नाही.
मी पेडणेकर, तर मला बेडनेकर.
पगाराच्या दिवशी तेही चालतं.

तीनची ॲलन की, दोन बोल्ट.
पुल्या सुटून तळहातावर येतात
तेव्हा त्यांना दात आहेत हेही दिसत नाही.
काळा, चिवट लेप.
ओल्या काजूचा चीक असतो ना, तसा;
वेंगुर्ल्याला मे महिन्यात बोटांवर बसलेला
जूनच्या शाळेपर्यंत जायचा नाही.
नखाने खरवडला की पापुद्रा निघतो,
मग डिझेलची वाटी,
मग रोमेलचा टूथब्रश.

घाण बघून मला कळतं कोण कुठे जातं.
पांढरट, शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे बुसैतीनचा किनारा.
राखाडी, सिमेंटची, म्हणजे हिद्दकडची बांधकामं.
एकदा आसाभोवती हातभर निळा नायलॉन निघाला,
गरीचा.
गिऱ्हाईक म्हणालं होतं, घर ते बँक, बँक ते घर.
मी दोरा कचऱ्यात टाकला.
बिल नेहमीचंच लावलं.

रोमेल सेबूचा.
त्याने मला पहिल्या महिन्यात काहीच शिकवलं नाही.
मी दोन्ही पुल्या लखलखीत केल्या,
ग्रीसचं बोट लावलं, बसवल्या, सायकल दिली.
तिसऱ्या दिवशी विमानकंपनीचा तो उंच माणूस परत आला:
चौथ्या गिअरला काहीतरी बोलतंय.
रोमेलने सायकल स्टँडवर चढवली,
डोळे मिटले, पेडल फिरवलं,
एसीचा घरघराट चालूच होता, त्यातून ऐकलं,
आणि म्हणाला, वरचा मजला खाली राहायला गेलाय.

दोन्ही दिसतात सारख्याच.
पण वरची आडवी हलते, केसभर,
साखळी ज्या दातावर जाईल तिकडे स्वतः सरकते.
खालची सरकत नाही. तिने फक्त ताणून धरायचं.
मी ती केसभर ढिलाई म्हणजे झीज समजलो होतो.
रोमेल म्हणाला, ती ठेवलेली आहे.

तो गेला दोन वर्षांपूर्वी.
ब्रश राहिला, हिरव्या दांडीचा,
केस आडवे पडलेला, टोकाशी डिझेलने काळा.
नवा आणायला दोनशे फिल्सही लागत नाहीत.

आता खिमानंद आलाय, पाल्प्याचा, एकोणीस वर्षांचा.
त्याने काल पहिल्यांदा एकट्याने सगळं खोललं.
मी बेसिनशी हात धूत होतो,
साखर आणि भांड्यांचा साबण, काळं त्यानेच निघतं,
आणि आरशात मला दिसलं:
वरची खाली, खालची वर.
बाण मात्र पोराने बरोबर ठेवले होते.
तोंड उघडलं. मिटलं.
पुन्हा साखर घेतली.

त्याने साखळी चढवली. पेडल फिरवलं.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्याला
टक्.
अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा, टक्.

बाहेर मगरिबची अजान सुरू झाली,
अबू हमद शटर अर्धं ओढून गेला.
खिमानंदने पेडल थांबवलं नाही.
मान कलती केली, कान चाकाजवळ नेला.
माझे हात केव्हाच स्वच्छ झाले होते,
मी नळ तसाच चालू ठेवला,
मग त्या आवाजाने त्याला ऐकू येणार नाही
हे सुचून बंद केला.

बराच वेळ गेला.
मग त्याने, माझ्याकडे न बघता,
तीनची ॲलन की उचलली.