आयत्या वेळचा विषय

सर्वसाधारण सभा. रविवार, साडेदहा, क्लब हाउस, वाघबीळ.
गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब,
मग त्याच जागी, तेवढ्याच माणसांत पुन्हा सुरू.
मी खजिनदार. बँकेत चौतीस वर्षं काढली,
दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे लाल टिंबं ठेवत.

विषय सहा : लॉबीतलं झुंबर.
तीन लोलक फुटले, विम्याचे पैसे आले.
पुढचा हप्ता भरण्यास मंजुरी.
सूचक मखीजा, अनुमोदक सालियन. एकमताने.

आयत्या वेळचा विषय : जानकी वरठा.
तेच झुंबर पुसताना शिडीवरून पडली,
मांडीचं हाड मोडलं.
कोण जानकी, मागून कुणी विचारलं.
ती हो, जिने पुसते ती.
मग ती कंत्राटदाराची. आपली नव्हे.

मी आकडा मांडला. शहाऐंशी हजार चारशे,
खासगीतला अंदाज.
फ्लॅट दोनशे अठ्ठ्याऐंशी.
भागून पाहा, तीनशे येतात, बाकी शून्य.
इतका सरळ भागाकार
मला नोकरीत क्वचित भेटला.

तीनशे.
डोंगर दिसणाऱ्या फ्लॅटना बिल्डरनं
चौरस फुटामागे तेवढेच जादा लावले होते.
आम्ही भरले, कुरकुर न करता.
त्या डोंगरात तिचा पाडा आहे.
हे मी सभेत बोललो नाही.
इतिवृत्तातही नाही. इथे लिहितो आहे.

चर्चा झाली. पायंडा पडेल, म्हणाले.
बाई पडली त्याहून
पायंडा पडण्याचाच धसका मोठा.
शेवटी ठराव : ज्यांची इच्छा असेल त्यांनी द्यावे.
ऐच्छिक.
मीही हात वर केला, बाजूने.

लिफ्टशेजारी क्यूआर चिकटवला.
मी पाच हजार टाकले
आणि त्या रात्री गाढ झोपलो.
ती झोप आता आठवली की कानशिलं तापतात.
एवढ्या स्वस्तात कुणी झोपू नये.

जमले एकसष्ट हजार दोनशे पन्नास.

एकविसाव्या दिवशी तिची मुलगी आली, वनिता,
अकरावीत आहे. चप्पल दाराबाहेर काढली,
आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभी.
शंभर पानी वही, टाचणीनं जोडलेली बिलं,
आणि एका पाकिटात बावीस हजार तीनशे चाळीस.
कळव्याच्या दवाखान्यात झालं, म्हणाली,
सळी योजनेत बसली.
उरले ते आईनं परत दिलेत.

मी चष्मा लावला. सवयच ती.
रिक्षा जाताना, रिक्षा येताना.
गोळ्या. वॉकर. एक्स-रे दोनदा,
पहिला हलला म्हणून.
आईचा बुडालेला रोज कुठेच नव्हता.
विचारलं, तर म्हणाली,
तो दुखण्याचा खर्च नाही ना, तो घरचा.

मग एक ओळ दिसली :
केळी, सहा, तीस रुपये. खोडून वीस.
हे काय गं?
दोन शेजारच्या खाटेवरच्या आजीला दिली.
तिचं कुणीच येत नव्हतं.
ती आमच्याकडून.

आमच्याकडून.

पाकीट माझ्या खणात आहे, आठ दिवस झाले.
संगणकावर भरायला बसलो की तो विचारतो, कुठलं खातं?
देणगी? परतावा? इतर?
चौतीस वर्षांत मी कुणाची
नावे बाजू जमेला लिहिली नाही,
आणि इथे सगळी इमारतच उलटी लिहिलेली वाटते :
जे आपण दिलं म्हणतो ते देणं होतं, थकलेलं,
आणि दिलं म्हणावं असं
या सगळ्या कागदांत एकच आहे,
दहा रुपयांचं.

पुढच्या सभेची विषयपत्रिका काल टाइप केली.
आयत्या वेळी नको म्हणून
पहिल्याच क्रमांकावर घेतलं.
सेक्रेटरीबाईंचा फोन आला,
खजिनदार, विषय एकपुढे कोरंच आहे, काय लिहायचं?

मी म्हटलं, केळी.