नमुना म्हणून एक बशी

खोकं फोडलं तेव्हा आधी ओल्या पुठ्ठ्याचा वास,
मग थर्माकोलचा चुरा, मग बशा.
वडाळ्याचं गोदाम, दुपारचे अडीच,
कागदावर एकच ओळ:
‘जेवणाच्या टेबलावरील भांडी, चिनी माती, काठ निळा.’

चिनी माती.
आमच्या भाषेत विषय इथेच संपतो.
लोणच्याची बरणी तीच, फ्यूजची कवटी तीच,
विजेच्या खांबावर बसलेली पांढरी चिमणीसुद्धा तीच.
कायद्याचं तसं नाही.
एकोणसत्तराव्या प्रकरणात दोन दारं आहेत, भिंतीला भिंत लागून.
एकोणसत्तर अकरा: पोर्सलीन.
एकोणसत्तर बारा: पोर्सलीन म्हणवत नाही ते.
आणि मी एकोणीस वर्षं
मधल्या उंबऱ्यावर.

कुटिन्हो साहेबांनी शिकवलं, बॅलार्ड इस्टेटला,
कबुतरांनी घाण केलेल्या खिडकीशी उभं करून:
‘उजेडापुढे धर. मागे बोटं हलव.
सावली हलली की अकरा.
नाही हलली, तर फोड.
मोडलेल्या कडेला जीभ लाव.
चिकटली तर माती अजून तहानलेली आहे. बारा.
नाही चिकटली तर तिला पाणी नको, तू नको, कुणी नको. अकरा.
आणि मग लॅबला पाठव, बाई,
जिभेचा अहवाल फाइलला टाचता येत नाही.’

एजंटचा माणूस, मुकादम नावाचा, घाम पुसत म्हणतो,
‘मॅडम, एक फोडलीत तर सहाचा सेट पाचाचा होतो.’
मी म्हणते, पाच जणांना बोलवा.
तो हसत नाही.
हसण्याचं डेमरेज त्याच्या मालकाला परवडत नसावं.

बशी उलटी करते.
दाखला म्हणतो लंका.
बुडाशी मात्र पॉलिश पेपरचे गोल गोल ओरखडे,
कुणीतरी जन्मगाव घासून काढलंय,
बाराशे वेळा, हातानं,
शेवटी शेवटी कंटाळत:
खालच्या थरातल्या एका बशीवर अर्धं अक्षर राहून गेलंय,
छप्पर नसलेल्या घरासारखं.

मागच्या पावसाळ्यानंतर साहेबांकडे गेले होते, माझगावला,
माथारपाखाडीत.
झटक्यानं उजवी बाजू गेलेली, आणि वाचा.
त्यांच्या बहिणीनं, फिलोमिनाबाईंनी, चहा आणला
बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या कपांत.
साहेबांनी डाव्या हातानं माझा रिकामा कप उचलला
आणि खिडकीसमोर धरला. धरूनच राहिले.
मला वाटलं, पाणी हवंय. फिलोमिनाबाईंना वाटलं, पडदा लावायचाय.
मग कळलं.
मागे हलवायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता.
मी माझी बोटं हलवली.
कपाच्या पोटात चार मासे पोहून गेले.
त्यांनी कप मांडीवर ठेवला,
एक बोट वर केलं. खाली घेतलं.
पुन्हा एक.

हातोडी लहान असते आमची, सुपारी फोडायची वाटावी अशी.
बशी दोन तुकड्यांत गेली, स्वच्छ,
जणू आधीच ठरलं होतं कुठून.
मुकादम दुसरीकडे बघतो.
मी कडेला जीभ लावते.
काही नाही. गार. चव नाही.
एक तुकडा लाखबंद पाकिटात, लॅबसाठी,
दुसरा कार्यालयीन प्रतीसाठी.
तेव्हा दिसलं, बुडाच्या कड्याजवळ, काचेखाली भाजलेलं:
कुणाच्या तरी अंगठ्याचं टोक.
ओली बशी भट्टीकडे नेताना उमटलेलं.
रेघा मोजता येतील इतकं स्पष्ट.
हे घासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं होतं,
किंवा त्यानं सोडलं होतं.

अहवालात लिहिते:
उजेड आरपार जातो. पाणी शोषत नाही.
शीर्षक एकोणसत्तर अकरा.
मूळ देशाचा दाखला शंकास्पद, माल रोखावा.
मुकादम फोन लावायला उन्हात जातो.

अंगठ्याचं लिहिलं नाही.
त्यावर शुल्क नाही.