अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर

रात्री पावणेदोन. जेल रोडच्या घरात
पंखा एका पात्याने कुरकुरतोय
आणि सर्व्हर तिसऱ्यांदा सांगतोय: सही जुळत नाही.

मजकूर तोच. नाव, पद, मुदत पंधरा मिनिटं.
एक अक्षर इकडचं तिकडे नाही,
तरी दारातच उभं करून ठेवलंय.

आप्पा पाण्याला उठले.
प्रेसमधून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
अजून कुठलाही कागद आधी उजेडाला धरतात,
मग वाचतात.
"काय जुळत नाही?"

सांगितलं: अख्खा मजकूर पिळून एक आकडा काढायचा,
त्यावर आपली किल्ली फिरवायची.
ती आपल्यापाशीच राहते.
जगाला दुसरी देतो,
तिने सही ओळखता येते, करता येत नाही.

"म्हणजे आमचं गेट," हसले.
"संध्याकाळी खिसे उलटे करून दाखवायचे, डबासुद्धा उघडून.
तिकिटं देशभर फिरली,
साचा कधी बाहेर आला नाही."

मग टेबलावर बोटं पसरून बसले.
ताव मोजून मोजून टोकं गुळगुळीत, रेघ म्हणून नाही.
परवा बँकेत हयातीच्या दाखल्याला
सात वेळा अंगठा लावला,
सातही वेळा मशीन म्हणालं, हा तो नव्हे.
सही करायला गेले तर गांगुर्डेतला 'र्डे' थरथरला.
शेवटी खिडकीतल्या कुलथे मॅडम म्हणाल्या,
अहो, मी ओळखते ना यांना.
कुठल्या नियमात बसलं कोण जाणे, पण
त्या दिवसापुरते जिवंत ठरले.

"क्रम पाहिलास?" अचानक म्हणाले.
"सर्व्हिस बुकात माझं आडनाव आधी, आधारवर शेवटी.
माणूस एकच. पेन्शन तीन महिने अडकली."

पाहिलं.
पाठवणाऱ्याने नाव आधी लिहिलेलं,
घेणाऱ्याने अकारविल्हे लावून मुदत वर नेलेली,
आणि मध्ये कुठेतरी एक रिकामी जागा,
जिच्यात काहीच नव्हतं
आणि तेवढ्यानेच सही मोडली होती.

दोन्हीकडे एकच क्रम लावला. हिरवं झालं.

"रेव्हेन्यू तिकिटावर सही कशी करायची, ठाऊक आहे?
अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर.
मग सोलून दुसऱ्याला चिकटवता येत नाही."

वाकून स्क्रीनकडे बघत राहिले.
कागद असता तर उजेडाला धरला असता,
इथे धरायला काही नव्हतं, नुसता उजेडच.

गेले झोपायला. पाण्याचा तांब्या
भरलेलाच राहिला टेबलावर.