अधिक धरून, अधिक सोडून

म्हसवडच्या रथाच्या दिवशी, गर्दी पांगल्यावर,
माणगंगेच्या कोरड्या वाळूत
अकलूजकडच्या एकाचा पांढरा घोडा
आमच्या कुमेतीला दाखवला.
पाचशे रुपये आणि वर एक कोकरू.
मी तारीख मोबाइलात टिपली.
ठकूबाईंनी पदराला गाठ मारली.

घोडीला अकरा महिने,
इथपर्यंत सासवा-सुनांचं एकमत.
पण त्या वर्षी श्रावण दोनदा आला.
मी म्हटलं, अधिक धरला तर दसऱ्यालाच भरतात.
त्या म्हणाल्या, अधिकात लगीन न्हाई, वास्तू न्हाई,
देवबी वही मिटून बसतो,
मग पोट तेवढं कसं वाढंल?
मी तोंडाला पदर लावून हसले.

वरकुट्याच्या डॉक्टरांनी तिसरंच सांगितलं.
तीनशे चाळीस दिवस.
वीस अलीकडं, तीस पलीकडं.
आणि चिमटीत धरायच्या चार पट्ट्या दिल्या,
दुधाचा थेंब लावा, रंग बघा.
ठकूबाई पट्टीकडं बघत म्हणाल्या,
ही काय घोडीपरीस जास्त जाणती हाय?

त्यांचं शास्त्र तळहातात.
रोज दिवेलागणीला शेपटीच्या मुळाशी हात,
मांडी आणि पाठ जिथं मिळतात तिथं.
अजून घट्ट. वादीगत.
भिजल्या कणकंगत लागलं म्हंजी समज.
मी अंधारात हात ठेवायचे, मला कणीक कळायची,
घोडी कळायची नाही.
कुमेती मान वळवून बघायची,
दोन बायांनी हिच्या पाठीशी काय मांडलंय म्हणून.

दसरा गेला.
पोट खाली उतरलं, कुशीत खड्डे पडले.
दिवाळी गेली, कास थोडी धरली,
सकाळी भरलेली, दुपारी चालून आली की सैल.
रात्री तीनदा उठून बॅटरी मारायची,
तर ही उभ्या-उभ्या झोपलेली,
खालचा ओठ लोंबता.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वाडा हलला.
मायणी, कराड, पाटण, मग कुंभार्लीचा घाट;
गवत कुणासाठी थांबत नाही.
कुमेतीच्या पाठीवरचं सगळं,
पालाच्या काठ्या, तवा, वाकळा,
लंगडी कोंबडी टोपलीसकट,
दुसऱ्या दोघींवर वाटून बांधलं.
धुळा जाताना म्हणाला, आठ दिवसांत गाठा.
कुणाला म्हणाला कळलं नाही,
बघत घोडीकडं होता.

मग विरळीच्या माळावर
एक पाल, दोन बाया, एक पोट.
मेंढरं नसली की रात्र फार मोठी असते.
त्यात ठकूबाई घोरायच्या.

चौथ्या दिवशी सडांच्या टोकांना मेण आलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं, पिवळसर.
मी पट्टी काढली. रंग बदलला, पण कुठला म्हणावा?
डॉक्टरांचा फोन लागेना.
ठकूबाईंनी शेपटीशी हात नेला
आणि माझा हात ओढून तिथंच दाबला.
कणीक.

अष्टमीचा चंद्र बुडाला.
मी चुलीपाशी काटक्या मोडत होते,
त्या ओढ्याकडं गेल्या होत्या.
एवढ्या महिन्यांत नजर हलली ती तेवढीच,
आणि हिनं तेवढंच धरलं.
परत आलो तर कुमेती आडवी,
फिक्या पिशवीत पुढचे दोन पाय, एक थोडा मागं,
त्यांवर टेकवलेलं तोंड,
पाण्यात वाकून बघणाऱ्यासारखं.

तीनशे एकसष्ट, मी मोजून सांगितलं.
ठकूबाई बोटांवर गेल्या, कार्तिकावर थांबल्या,
कशी म्हणाल्ये, एवढंच म्हणाल्या.
पदराची गाठ सुटेना. दातानं सोडवली.
आत काहीच नव्हतं.

शिंगरू तीनदा पडलं.
चौथ्यांदा उभं राहिलं तेव्हा बॅटरीच्या उजेडात
खुरांखाली मऊ झालर दिसली,
ओल्या मक्याच्या केसांसारखी,
आईच्या पोटाला टोचू नये म्हणून असलेली.
चालंल तशी झिजंल, ठकूबाई म्हणाल्या.
मग निघायचं.

किती दिवस लागतील, आत्याबाई?

त्यांनी वार पुरायला खोरं उचललं.
बघ की मोबाइलात, म्हणाल्या.